फिटंफाट झालीच नाही

एका वाचकांनी घराशेजारी गाडीसाठी काँक्रीटचा ड्राइव्हवे करून घेतला. पंधरवड्यातच त्यावर केसासारख्या भेगा दिसू लागल्या. ठेकेदाराला ९५ टक्के रक्कम देऊन झाली आहे. उरलेले ५ टक्के देण्याआधी दर्जा कसा तपासायचा, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी जाता जाता ते लिहितात की पैसे वैयक्तिक कर्जाचे आहेत, १४ टक्के दराने, ५ वर्षांसाठी. खर्चाच्या दुप्पट एफडी ७ टक्क्यांवर पडून आहे, तिला हात लावलेला नाही. कर्जासोबत विमाही घ्यावा लागला, आणि ड्राइव्हवेमुळे घराची किंमत खर्चाच्या दुप्पट वाढेल, असंही ते लिहितात. "कर्जावर एकूण ४० टक्के व्याज जाईल, एफडीवर तेवढंच येईल, म्हणजे फिटंफाट."

भेगांचं नंतर बघू. आधी ही फिटंफाट.

कर्ज १०० धरा. हप्ता साधारण २.३३, असे ६० हप्ते, म्हणजे १४० फेडणार. ७ टक्क्यांनी १०० चे ५ वर्षांत १४० होतात, हेही खरं. पण एफडीतले १०० पाच वर्षं जागेवर राहतात आणि हप्ता मात्र दर महिन्याला तुमच्या पगारातून जातो. एफडी मोडून कर्ज घेतलंच नसतं आणि तोच २.३३ दरमहा ७ टक्क्यांच्या आरडीत टाकला असता, तर ५ वर्षांनी १६७ झाले असते. तुमच्या हाती १४० येणार. २७ गेले, आणि एफडीच्या व्याजावरचा कर मी अजून धरलेलाच नाही.

त्यात कर्जाच्या रकमेतच ६ टक्क्यांचा विमा घुसवलेला आहे. "घ्यावाच लागतो" असं तुम्हाला सांगितलं गेलं. कर्ज मंजूर होतंय या आनंदात माणूस सही करतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्या ६ वरही १४ टक्के व्याज लागतं, म्हणजे फेडाल ८.४. पॉलिसी रद्द करायची मुदत संपली नसेल तर आजच अर्ज द्या. मुदतीआधी कर्ज फेडण्याचं शुल्क आणि एफडी मोडण्याचा दंड विचारून घ्या. दोन्ही मिळून २७ च्या जवळपासही जात नसतील, तर अर्धी एफडी मोडा आणि कर्ज बंद करा. उरलेली अर्धी अडीअडचणीला राहील.

आता भेगा. केसाएवढ्या, उथळ भेगा बहुधा ऊन-वाऱ्यात वरचा थर लवकर सुकल्याने येतात. भेगेची एक बाजू खाली गेली असेल तर मात्र खालचा भराव नीट दाबलेला नाही, आणि ते वरून गिलावा मारून सुधारत नाही. पाणी ओतून पाहा. उतार घरापासून बाहेर, मीटरला १ ते २ सेंटिमीटर हवा. थर १०० मिलिमीटरचा ठरला असेल तर दर अडीच-तीन मीटरवर सुमारे २५ मिलिमीटर खोल जोड, म्हणजे मुद्दाम पाडलेल्या खाचा, कापलेले असावेत, आणि घराच्या भिंतीलगत थर भिंतीपासून सुटा ठेवणारा सांधा. जाडी कडेला मोजू नका, कड कधी कधी मुद्दाम जाड ठेवतात. मध्ये ड्रिलने बारीक भोक पाडून मोजा. मजबुतीचा निवाडा २८ दिवसांआधी करू नका, तोवर ते ५ टक्केही देऊ नका.

दोष निघाला तर ५ टक्क्यांसाठी ठेकेदार परत येईलच असं नाही. १५-२० टक्के हाती ठेवले असते तर आला असता.

आणि हो, ड्राइव्हवेमुळे घराची किंमत खर्चाच्या दुप्पट वाढेल, हे तुम्हाला ठेकेदारानेच सांगितलं ना?