लेक गोष्टी लिहिते, पण वाचून कुणाला दाखवते?

ताई, पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, "सॉफ्टवेअरमधली चांगली नोकरी सोडून मुलगी ग्रंथपाल व्हायचं म्हणते, तेही लहान मुलांच्या विभागात. वर मुलांसाठी पुस्तकं लिहिणार म्हणे. मग आम्ही अमेरिकेत येऊन एवढ्या खस्ता कशासाठी खाल्ल्या?" खस्ता आपण सगळ्यांनीच खाल्ल्यात हो. पण मुलांनी आई-बापांच्या पसंतीचीच नोकरी धरावी, म्हणून नाही खाल्ल्या.

मला खटकलं ते पत्रातलं दुसरंच वाक्य: "रात्र रात्र जागून गोष्टी लिहिते, पण कुणाला दाखवत नाही." खरी काळजी करायची ती याची, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून मोकळ्या झालात! मुलांसाठी लिहायचं तर आधी मुलांसमोर बसून वाचायला हवं. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तुम्हालाही सांगणार.

माझी भाची इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात छोट्यांचा गोष्टींचा तास घेते. एकदा तिने स्वतःची गोष्ट वाचली. पावसाचं वर्णन सुरू झालं तसा पुढे बसलेला मुलगा बुटाचा पट्टा चर्रकन उघडायला-लावायला लागला. मग शेजारचीही सुरू झाली. भाचीने घरी येऊन पावसाच्या चारही ओळी काढून टाकल्या. पुढच्या खेपेला दुसऱ्या मुलांपुढे तीच गोष्ट वाचली, तर त्या जागी एकाचंही लक्ष ढळलं नाही. संपादकाने त्या ओळी कापल्या असत्या, तर ही त्याच्याशी वाद घालत बसली असती.

मुलांच्या लाडक्या अमेरिकन लेखिका बेव्हर्ली क्लिअरी लिहायला लागण्याआधी वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात बालग्रंथपाल होत्या. आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठे आहेत, असं तिथली मुलं त्यांना विचारायची. १९५० साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, ते अशाच साध्या मुलांचं. प्युरा बेलप्रे तर आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आल्या, १९२१ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाचनालयात लागल्या. घरी ऐकलेल्या लोककथा कपाटात कुठेच सापडेनात, म्हणून त्या स्वतःच सांगायला लागल्या, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, हातात बाहुल्या घेऊन. पुस्तक १९३२ मध्ये निघालं, ते त्यानंतर. तुमच्या लेकीने आजीकडून मराठीत ऐकलेल्या गोष्टी आहेत ना? त्यांपासूनच सुरुवात करू दे.

म्हणून ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमाची फी घाईने भरू नका. सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागायला बहुतेक ठिकाणी ग्रंथालयशास्त्राची मास्टर्स मागतात, आणि ती अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली हवी. शाळेतलं ग्रंथपालपद हवं असेल, तर बऱ्याच राज्यांत शिक्षकाचा परवानाही लागतो. पण पुस्तकं कपाटात लावायला किंवा मदतनीस म्हणून सहसा ही पदवी लागत नाही. आधी काही महिने तिथे जाऊ दे. पोरं टेबलाशी येऊन "ते निळं पुस्तक द्या" म्हणतात, नाव-गाव काही ठाऊक नसतं. ते पुस्तक शोधून देण्यात तिला गोडी वाटली, तर खुशाल पैसे भरा.

आणि चित्रकार शोधत फिरू नको म्हणावं. चित्रपुस्तकाचा चित्रकार बहुधा प्रकाशकच निवडतो. पुस्तक असतं साधारण ३२ पानांचं, त्यात मजकूर थोडाच मावतो. तेव्हा ओळी कापायची सवय आत्ताच लागलेली बरी.

पगार सॉफ्टवेअरएवढा नसेल, हे तिला तुमच्याआधी कळलंय. "लोकांना काय सांगायचं?" ग्रंथपाल आहे म्हणून सांगा. लग्नाचं विचारलंत, ते तिचं ती बघेल.

तुम्ही एवढंच करा. या आठवड्यात तिला एक गोष्ट मोठ्याने वाचायला लावा. मैत्रिणींची लहान पोरं बोलवा, तुम्ही मागे बसा आणि मध्ये एक अक्षर बोलू नका. पोरं कुठल्या ओळीला चुळबुळ करतात ते मला कळवा.