चेनसॉचा एअर फिल्टर चोंदल्यावर एच स्क्रू आवळावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिरव्या लाकडात मशीन नीट चालतं, पण कोरडे, मातीने भरलेले ओंडके कापताना दोन टाक्यांनंतर दम टाकतं. एच स्क्रू (पूर्ण रेसवर किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा कार्बोरेटरवरचा स्क्रू) थोडा आवळला की पुन्हा रेस धरतं. दुसऱ्या दिवशी फिल्टर धुऊन लावला की मात्र किंचाळल्यासारखं फिरतं. मग प्रत्येक कामाला वेगळं ट्यूनिंग करायचं का, आणि फिल्टर कोणता लावायचा?

सगळ्यात आधी तो स्क्रू होता तिथे परत न्या. फिल्टर चोंदला म्हणून एच आवळणं हा पिस्टन घालवण्याचा हमखास मार्ग आहे. फिल्टरवर भुशाचा थर बसला की हवा कमी येते, कार्बोरेटरच्या नळीतली ओढ वाढते आणि हवेच्या मानाने पेट्रोल जास्त खेचलं जातं. मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, मशीन जड वाटतं, धूर वाढतो. एच आवळून तुम्ही पेट्रोल कमी करता, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. फिल्टर धुतला की हवा पूर्ण येऊ लागते, पेट्रोल मात्र कमीच राहतं. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे उष्णता जास्त आणि तेलही कमी. तुम्हाला ऐकू येणारी किंचाळी तीच आहे. धूळ फिल्टर साफ करून घालवायची. स्क्रूला हात लावायचा तो हवा स्वतः विरळ किंवा दाट झाली तरच.

बऱ्याच नव्या कार्बोरेटरांत कॉम्पेन्सेटर असतो. डायफ्रामच्या (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारा लवचीक पडदा) मागची हवा फिल्टरच्या आतल्या बाजूने घेतलेली असते, त्यामुळे फिल्टर चोंदला तरी मिक्स्चर फारसं बदलत नाही, फक्त ताकद उतरते. अशा मशीनवर एच आवळणं आणखी धोक्याचं, कारण मिक्स्चर मुळात रिच झालेलंच नसतं.

फिल्टर काढण्याआधी चोक बंद करा म्हणजे वरची घाण कार्बोरेटरच्या तोंडात पडणार नाही. मग कव्हर काढून आजूबाजूचा भुसा ब्रशने झाडा आणि त्यानंतरच फिल्टर उचला. जाळीचा फिल्टर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओला फिल्टर बसवला तर कोरडा भुसा त्यावर लेपासारखा चिकटतो. फेल्ट किंवा लव असलेल्या फिल्टरला ब्रश घासू नका, तंतू उपटले जातात. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने आणि अंतर ठेवून. नंतर उजेडासमोर धरून बघा. भोक किंवा शिवणीजवळ फट दिसली तर फिल्टर फेकून द्या.

आणि एक गोष्ट दर वेळी करा: फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडातून स्वच्छ बोट फिरवा. बोट कोरडं किंवा नुसतं तेलकट आलं तर ठीक. अंगठ्यावर चोळताना रवाळ लागणारा तपकिरी लेप आला, तर फिल्टरमधून किंवा त्याच्या कडेने धूळ आत जाते आहे. बहुतेक वेळा दोष जाळीत नसतो. बसण्याची कड वाकलेली असते किंवा नट नीट आवळलेला नसतो. ही धूळ सिलिंडर आणि रिंगा घासून टाकते, आणि त्यावर कुठल्याच ट्यूनिंगचा इलाज नाही.

कोणता फिल्टर घ्यावा? कोरडं, किडलेलं लाकूड, मातीने माखलेली साल, फळ्या पाडण्याचं काम अशा सगळ्यांत बारीक पीठ उडतं, तिथे फेल्ट किंवा घड्यांचा बारीक फिल्टर हवा. ओल्या, हिरव्या लाकडाचा भुसा जाड असतो, त्याला साधी जाळी पुरते. भुरभुरत्या बर्फात उलट असतं: बारीक फेल्ट बर्फाने गच्च भरतो, म्हणून तिथे मोकळी नायलॉन जाळी बरी. तुमच्या कामासाठी मी दोन फेल्ट फिल्टर घ्यायला सांगेन. एक मशीनवर, एक कोरडा डब्यात, आणि धुळीच्या कामात दर टाकीला अदलाबदल. दोन टाक्या थांबणं तुमच्या लाकडाला परवडत नाही, हे मशीननेच दाखवलं आहे.

आता ट्यूनिंग. फिल्टर स्वच्छ, पेट्रोल ताजं, चेन धारदार आणि बारवर (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) नीट ताणलेली, आणि मशीन काही मिनिटं लाकूड कापून पूर्ण गरम झालेलं. तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेच ठेवा. ५०:१ असेल तर ५ लिटरला १०० मिली. तेल जास्त ओतलं की तितकं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिक्स्चर उलट लीनकडे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झुकतं. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

एल हा कमी रेसवरच्या पेट्रोलचा स्क्रू. सुरुवातीची जागा बहुतेक मशीनवर एल आणि एच दोन्ही टेकल्यापासून १ आटा (एक पूर्ण फेरा) बाहेर अशी असते, तरी पुस्तकातला आकडाच खरा. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंतच आत न्या. जोर लावला तर टोक आणि त्याची बैठक दोन्ही बिघडतात. आवळलं की लीन, सैल केलं की रिच.

आधी एल. आयडलवर, म्हणजे ट्रिगर न दाबता, चालू ठेवून एल हळूहळू आवळत जा. रेस सर्वांत वर जाऊन पुन्हा पडायला लागते ती जागा शोधा, आणि तिथून सुमारे पाव आटा सैल करा. ट्रिगर झटक्यात दाबला की न अडखळता उचललं पाहिजे. गुदमरून बंद पडत असेल तर बहुधा लीन आहे, धूर काढत रखडत उचललं तर रिच. मग आयडलचा स्क्रू असा ठेवा की इंजिन बंद पडू नये आणि चेन अजिबात फिरू नये.

मग एच. चेन ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर क्लच जळतो. मशीन जमिनीवर पक्कं धरा, बार कशालाही लागू देऊ नका. पूर्ण रेस दोन-तीन सेकंदच द्या. लोड नसताना आवाज थोडा भरडा, मध्येच अडखळल्यासारखा बर्र-र्र यायला हवा. मिक्स्चर किंचित रिच असलं की इंजिन काही फेऱ्यांत नीट पेटत नाही, त्याचा तो आवाज. लगेच लाकडात घाला: लोड येताच तो भरडेपणा जाऊन आवाज एकसंध व्हायला हवा, आणि काप संपताना बार मोकळा झाला की पुन्हा भरडा. कापतानाही भरडाच राहिला तर एच अष्टमांश आटा आवळा. मोकळं असतानाही स्वच्छ किंचाळलं तर तितकाच सैल करा.

इथे एक फसगत होते. ज्या मशीनच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्ये रेव्ह लिमिटर (रेस ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) असतो, तिथे तो ठिणगी तोडतो तेव्हाचा आवाजही असाच भरडा येतो. मिक्स्चर लीन असूनही कानाला रिच वाटतं. अशा मशीनवर टॅकोमीटर (मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम मोजणारं यंत्र) लावा, पुस्तकात दिलेला कमाल आरपीएम ओलांडू नका, आणि खरी परीक्षा कापतानाच घ्या.

हवा बदलली की काय करायचं? समुद्रसपाटीपेक्षा १,५०० मीटर उंचीवर हवा साधारण १४ टक्के विरळ असते, मिक्स्चर रिच होतं, तेव्हा अष्टमांश आट्याच्या टप्प्याने एच आवळणं रास्त आहे. ताकद मात्र कमीच राहणार. खाली उतरलात की मशीन लोडवर घेण्याआधी तो सैल करा, कारण विसरलात तर नुकसान याच दिशेने होतं. तापमानाचंही तसंच: ४० अंशांतली हवा ० अंशांपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ. रणरणत्या दुपारी बेताचं जमवलेलं मशीन कडाक्याच्या पहाटे लीन होतं. थंडीत ज्यांना हिवाळी झडप आहे त्यांनी ती पुस्तकाप्रमाणे उघडावी, म्हणजे सिलिंडरची गरम हवा कार्बोरेटरकडे जाते आणि आत बर्फ धरत नाही. ऊब आली की लगेच बंद.

फळ्या पाडताना इंजिन मिनिटामागून मिनिटं पूर्ण रेसवर लोडमध्ये असतं, म्हणून तिथे मी एच नेहमीपेक्षा अष्टमांश आटा सैल ठेवायला सांगतो. ताकद जरा कमी मिळते, पण इंजिन थंड राहतं.

ट्यूनिंग टिकतच नसेल तर स्क्रू सोडा आणि कारण शोधा. ट्रिगर सोडल्यावर रेस हळूहळू उतरते, किंवा मशीन तिरकं केल्यावर आयडल बदलतं, तर इनटेक रबर किंवा क्रँक सीलमधून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. काही मिनिटं चालून मरतं आणि पेट्रोलचं झाकण सैल केलं की परत चालतं, तर टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याचं छिद्र) बुजला आहे.

तुम्ही काही दिवस एच आवळून चालवलं आहे, तेव्हा पुन्हा लोडवर घेण्याआधी मशीन थंड करून सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन बघा. दोरी हळू ओढत पिस्टन वरखाली करा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडा. पृष्ठभाग एकसारखा दिसला तर बचावलात. उभे ओरखडे किंवा ॲल्युमिनियम पुसल्यासारखे चकचकीत पट्टे दिसले, रिंग त्यात अडकलेली दिसली, तर आता ट्यूनिंग नको. सिलिंडर उघडून तपासून घ्या.