स्कॅनर घ्या, पण आधी त्या ‘एफडी’चं बघू

पत्र: आर्णी तालुक्यातल्या एका मोठ्या गावात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, अकरा वर्षं झाली. वय ३४. घरी आई, बायको, दोन मुलं आणि चार एकर कोरडवाहू. २०२० पासूनच्या गाड्या जवळपास सगळ्या एफआय (फ्युएल इंजेक्शन). कार्बोरेटरचं काम कमी होत चाललं, एफआयच्या महिन्याला पंधरा-वीस गाड्या यवतमाळला पाठवाव्या लागतात. नागपूरचा एक विक्रेता बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर, इंजेक्टर साफ करायचं मशीन, ट्रॅक्टरच्या कॉमन रेल (उच्च दाबाच्या डिझेल) इंजेक्टरची टेस्टिंग आणि पाच दिवसांचं ट्रेनिंग असं सगळं ३ लाख ४० हजारांत देतो. म्हणतो, कमाई डबल होईल. बँकेत माझी वर्षाला ६० हजारांची एफडी आहे, तीन हप्ते झाले. ती मोडून १ लाख ८० हजार देतो, बाकीचे ८,३०० चे २४ हप्ते. मागचा एफडीचा हप्ता सोसायटीच्या पीककर्जातून भरला, म्हणून खत-बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर घेतलं, शेकडा दोननं. एफडी मोडावी का? कागदाचा फोटो जोडतो.

उत्तर: भाऊ, फोटो पाठवलात हे फार बरं केलं. त्या कागदावर एफडी कुठंच नाही. एफडीला ‘प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे’ नसते आणि ‘विमा रक्कम ६ लाख’ही नसते. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. टेबलापलीकडचा माणूस बँकेचा, म्हणून कागदही बँकेचाच असणार असं आपण धरून चालतो, आणि विकणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

तेव्हा ‘मोडून १ लाख ८० हजार’ हे डोक्यातून काढा. तुमची पॉलिसी जुन्या नियमांतली दिसते. त्यात तीन प्रीमियमनंतर हमीची सरेंडर किंमत, म्हणजे मध्येच सोडली तर हाती येणारी रक्कम, भरलेल्या पैशाच्या ३५ टक्के, म्हणजे ६३ हजार. कंपनी स्वतःहून थोडं जास्त देईलही, पण तुमच्या आकड्याच्या जवळपासही ते जाणार नाही.

पुढे भरत राहिलात तर? दहा वर्षांत ६ लाख जातील आणि कागदाप्रमाणे पंधराव्या वर्षाअखेर ९ लाख ६० हजार येतील. ‘हमीसह दीडपटीहून जास्त’ ऐकायला गोड वाटतं. हिशेब केला तर व्याज पडतं साडेचार टक्के. हेच पैसे पोस्टात पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी टाकले असते, तर साडेबारा लाख झाले असते. जवळपास तीन लाखांचा फरक.

पण माझा जीव त्या साडेचार टक्क्यांनी नाही वर आला. पीककर्ज वेळेत फेडलं, तर तीन लाखांपर्यंत आपल्याकडे शून्य टक्के पडतं. योजनेला पंजाबराव देशमुखांचं नाव आहे, तुम्हाला मी काय सांगणार. इतका स्वस्त पैसा शेतात जायचा, तो तुम्ही पॉलिसीत घातला. मग शेतासाठी आणला शेकडा दोननं, म्हणजे वर्षाला २४ टक्क्यांनी. चोवीसनं घ्यायचं आणि साडेचारनं ठेवायचं! ६० हजारांवर वर्षाला बारा हजारांच्या आसपास फटका, आणि यंदा कर्जाचं नवं-जुनं केलंत की तो पुन्हा सुरू. मशीनचा प्रश्न याच्यानंतरचा.

मग सरेंडर करायची का? नाही. इथं बहुतेक जण रागाच्या भरात चूक करतात. प्रीमियम थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ होऊ द्या, म्हणजे पुढे काही न भरता ती कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू राहील. दहापैकी तीन हप्ते भरलेत, म्हणजे मुदतीअंती साधारण तीन-दशांश, पावणेतीन लाख ते २ लाख ९० हजार. आज मिळणाऱ्या ६३ हजारांचे बारा वर्षांत एवढे व्हायला जवळजवळ १३ टक्के परतावा लागेल. एफडीत तो कोण देतो? दोन्ही आकडे मात्र कंपनीकडून लेखी घ्या, कारण पेड-अपचं गणित पॉलिसीगणिक थोडं बदलतं. आणि पुढचा प्रीमियम खात्यातून आपोआप कापला जाण्याआधी ती परवानगी रद्द करा. फसवून विकल्याची तक्रार बँकेकडे आणि कंपनीकडे जरूर करा, गरज पडली तर विमा लोकपालाकडे. पण सही तुमची आहे, फार आशा धरू नका.

पेड-अप झाली की विमा रक्कमही घटेल. तशीही ६ लाखांत मागच्या चार माणसांचं किती दिवस भागलं असतं? साधा टर्म विमा, ५० लाखांचा, तुमच्या वयाला वर्षाला आठ-दहा हजारांत मिळावा. अडचण एकच, कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि गॅरेजवाले रिटर्न भरत नाहीत. या वर्षीपासून भरा. तोवर बँकेतून ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा अपघात विमा, दोन्ही घेऊन ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. मी मेकॅनिक नाही, म्हणून अमरावतीच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे अर्धा दिवस बसून आलो. तो म्हणाला, कार्बोरेटर स्क्रू फिरवून कानानं जमतो, एफआय नाही. तिथं टाकीतला पंप साधारण ३ बार दाबानं पेट्रोल पुरवतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, ठरवतो. थ्रॉटल किती उघडलं, आत येणाऱ्या हवेचा दाब किती, इंजिन किती तापलं, क्रँक कुठं आहे, हे त्याला सेन्सरकडून कळतं. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल जास्त जातंय की कमी ते कळवतो. स्कॅनर फक्त ईसीयूची तक्रार वाचून दाखवतो. कोड सेन्सरचा येतो आणि दोष उंदरानं कुरतडलेल्या वायरीत निघतो. तो शोधायला लागतो मल्टिमीटर आणि तुमची अकरा वर्षं. काही गाड्यांत तर मीटरवरचा इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजूनच कोड कळतो.

त्याच्याकडे खेड्यातून येणाऱ्या गाड्यांत बॅटरी कमजोर, कनेक्टरमध्ये माती, नाहीतर किराणा दुकानातल्या बाटलीचं पेट्रोल, हेच जास्त. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पाणी शिरलं की इथेनॉल त्याला धरून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप तिथूनच ओढतो. अशा वेळी पावणेतीन हजारांचा प्रेशर गेज स्कॅनरपेक्षा लवकर कामाला येतो.

ट्रॅक्टरची टेस्टिंग सरळ कापा. नवे उत्सर्जन नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना, आणि कॉमन रेल आली ती त्यांच्यात. तुमच्या भागात पेरणीला दिसतात ते बहुतेक ५० च्या आतले, अजून साध्या पंपावर चालणारे. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्याही वर, धूळ एक कण चालत नाही. तो धंदा वेगळा, खोलीही वेगळी लागते.

कर्जाचं बघा. १ लाख ६० हजारांवर ८,३०० चे २४ हप्ते म्हणजे जवळपास दोन लाख. विक्रेता सव्वाबारा टक्के म्हणत असेल. दर महिन्याला मुद्दल फिटतं हे धरलं, तर दर २२ टक्के आहे. पंधरा-वीस गाड्या, तीनशे मजुरी, म्हणजे महिन्याला साडेचार ते सहा हजार. हप्ता ८,३००. शिवाय तुमचं गिऱ्हाईक कापसाचा चुकारा हाती आल्यावर पैसे देणार, आणि फायनान्सवाला पाच तारखेलाच उभा. ‘कमाई डबल’ विक्रेत्याची होईल.

अमरावतीवाल्याचा स्कॅनर २८ हजारांचा आहे. गेज, मल्टिमीटर आणि चार दिवस दुसऱ्याच्या गॅरेजात बसून शिकणं धरलं, तरी ४० ते ४५ हजारांत भागतं. तेवढं सरकारच्या मुद्रा कर्जाच्या शिशु गटात (५० हजारांपर्यंत) बसतं, तारण लागत नाही. इंजेक्टरचं मशीन एक दिवाळी थांबू द्या.

विक्रेत्याला फोन कराल तेव्हा दोनच गोष्टी विचारा. नुसत्या स्कॅनरची किंमत काय, आणि नवीन गाड्यांचे अपडेट किती वर्षं फुकट. दुसऱ्या प्रश्नावर तो घुटमळला, तर दुसरीकडं चौकशी करा.