जुनी सोन्याची खाण, नवी कंपनी आणि तुमचे साडेतेरा लाख

प्रश्न थोडक्यात असा : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणारे एक वाचक, वय ४८. कर्नाटकातली बंद पडलेली एक सोन्याची खाण पुन्हा सुरू करणाऱ्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर मेहुण्यांच्या ओळखीचा एक एजंट व्हॉट्सअॅपच्या गटातून १८० रुपयांना देतोय. दीड वर्षात आयपीओ (शेअरची बाजारातली पहिली जाहीर विक्री) येईल आणि भाव ६०० होईल असं तो सांगतो. किमान ५०० शेअर घ्यावे लागतात. वाचकांना ७,५०० शेअर घ्यायचे आहेत, म्हणजे साडेतेरा लाख : नऊ लाख मुदत संपत आलेल्या एफडीचे आणि साडेचार लाख कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेने धंद्यासाठी दिलेल्या कर्जातून. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'टोकन' म्हणून २१,००० रुपये एजंटला देऊन झालेत.

उत्तर आधी सांगतो : घेऊ नका. कारणं मात्र नीट समजून घ्या, कारण असे प्रस्ताव यापुढेही येतच राहणार आहेत. सोन्याचा भाव चढला की जुन्या खाणींची आठवण सगळ्यांनाच होते, आणि त्यात गैर काही नाही. पूर्वी जो दगड काढणं परवडत नव्हतं तो चढ्या भावाला परवडू शकतो. तुमची कंपनी खोटीच आहे असं मी म्हणत नाही. ती खरी असली तरी १८० रुपयांना तुम्हाला काय मिळतंय, एवढाच माझा प्रश्न आहे.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात कंपनीचे एकूण शेअर पाच कोटी दिलेत. त्याला १८० ने गुणा : ९०० कोटी. एक ग्रॅमही सोनं न काढलेल्या कंपनीची ही किंमत तुम्ही मान्य करताय. ती पटावी म्हणून पुढच्या पानावर 'जमिनीत ८ टन सोनं' असं ठळक छापलंय. हिशोब साधा आहे. २० लाख टन दगड, टनाला ४ ग्रॅम. भाव दहा ग्रॅमला एक लाख धरला तर ८,००० कोटी होतात. नऊशे कोटींत आठ हजार कोटींचा माल, असं चित्र उभं राहतं.

आता हे आठ टन सोलून बघू. खाणीत दोन वेगळे शब्द वापरतात, 'रिसोर्स' आणि 'रिझर्व्ह'. रिसोर्स म्हणजे खडकात सोनं असल्याचा भूवैज्ञानिक अंदाज. त्यातही 'इन्फर्ड' हा सगळ्यात कच्चा. रिझर्व्ह म्हणजे खर्च, परवाने, यंत्रं सगळं धरून फायद्यात काढता येईल असं तपासून ठरलेला भाग. तुमच्या माहितीपत्रकात रिझर्व्ह हा शब्द कुठेच नाही. आकडा 'जुन्या नोंदींवरून' घेतलाय, एवढंच आहे. जुन्या खाणीत तर चांगल्या प्रतीचा दगड आधीच्यांनी काढून नेलेला असतो. राहिलेल्यातला बराचसा छत तोलून धरणाऱ्या खांबांत असतो, आणि ते खांब काढायचे तर वरचा डोंगर कशावर उभा राहणार? समजा निम्मा भाग काढण्याजोगा निघाला. झाले ४ टन. सोनं असलेल्या शिरेसोबत आजूबाजूचा फुकाचा दगडही निघतोच. तो २५ टक्के धरला तर ४ ग्रॅमची प्रत ३.२ वर येते. त्यात सोनं कमी होत नाही, पण तेवढ्याच सोन्यासाठी सव्वापट दगड फोडावा, वर ओढावा आणि दळावा लागतो. गिरणीत ८८ टक्के सोनं हाती आलं तर उरतं साडेतीन टन.

ही ८८ टक्क्यांची गोष्टही गृहीत धरू नका. दगड दळून, चुन्याने सामू (पीएच) १० च्या वर ठेवून सोडियम सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवायचं, मग ते सक्रिय कोळशावर धरायचं, ही नेहमीची रीत. सोनं आर्सेनोपायराइटसारख्या गंधकी खनिजात बारीक अडकलेलं असेल तर सायनाइड तिथवर पोचतच नाही आणि वसुली एकदम घसरते. मग भाजणी किंवा जिवाणूंची प्रक्रिया आधी करावी लागते आणि प्रकल्पाचा खर्च बदलतो. म्हणून कंपनीला विचारायचं : धातुशास्त्रीय चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, किती किलो नमुन्यावर झाली, नमुना खाणीच्या कोणत्या भागातला होता? तुम्ही सुताचा लॉट आला की काउंट (सुताची जाडी) तपासल्याशिवाय मागावर चढवत नाही, तसंच आहे हे.

नमुन्यांचं आणखी एक. ड्रिलिंगमधून निघालेला दगडी दांडा उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धा पेटीत जपून ठेवतात, पुढे कोणालाही पुन्हा तपासता यावा म्हणून. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या बुसांगच्या सोन्याच्या प्रकल्पात ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीचं बिंग फुटलं, तेव्हा कळलं की तिथे दांडे चिरून न ठेवता अख्खेच भुगा करून पाठवले जात होते आणि भुग्यात बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं. अब्जावधी डॉलरची कंपनी शून्यावर आली. अर्धे दांडे कुठे ठेवलेत, हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे, तो विचारायला लाजू नका.

सरकारचा वाटा माहितीपत्रकात दिसतच नाही. खाणीतून काढलेल्या सोन्यावर रॉयल्टी ४ टक्के आहे, आणि ती लंडनच्या भावाने, निघालेल्या दगडात *असलेल्या* सोन्यावर लागते, हाती आलेल्या सोन्यावर नाही. म्हणजे जे १२ टक्के सोनं गाळासोबत वाहून गेलं त्यावरही भरायची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने जातात, तेव्हा लिलावात बोललेला प्रीमियम वेगळा. जिल्हा खनिज निधीही वेगळा. कंपनीने बोली किती टक्क्यांची लावली हे कळल्याशिवाय नफ्याचा कोणताही तक्ता वाचण्यात अर्थ नाही.

बंद खाण म्हणजे तयार खाण, हा समज तर सगळ्यात महागात पडतो. पंप थांबले की पाणी भरतं. ते उपसायचं, शुद्ध करून सोडायचं, सडलेले आधार बदलायचे, हवा खेळती करायची. जुने नकाशे आणि प्रत्यक्षातले बोगदे जुळत नाहीत. कोलारचं बघा. १८८० पासून तिथून सुमारे ८०० टन सोनं निघालं, खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला ती बंद झाली, कारण सोनं काढायचा खर्च सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला होता. खाली सोनं संपलं म्हणून नव्हे. आपल्याकडून रायचूरच्या बाजूला गेलं की हट्टीची खाण आजही चालू आहे, पण ती कर्नाटक सरकारच्या कंपनीची. तिचा शेअर तुम्हा-आम्हाला मिळत नाही. 'हट्टीच्याच पट्ट्यात' हे माहितीपत्रकातलं वाक्य खरं असलं तरी त्याने सिद्ध काहीच होत नाही. धारवाडी खडकाचा पट्टा लांबलचक आहे आणि त्यात रिकामी जागाच जास्त आहे.

आता शेअरकडे येऊ, कारण माझ्या मते खरा खड्डा इथे आहे. खाण चालू करायला आणखी ३०० कोटी लागतील असं कंपनी स्वतःच म्हणते. हे पैसे नवे शेअर काढूनच येणार. पुढचा मोठा गुंतवणूकदार १८० देईलच असं नाही. त्याने १०० दिले तर तीन कोटी नवे शेअर निघतील, एकूण आठ कोटी होतील, आणि तुमचा ०.०१५ टक्क्याचा वाटा ०.००९४ वर येईल. खाणीत एक दगडही न हलता. असं दोन-तीन वेळा होणं या धंद्यात नेहमीचं आहे.

दीड वर्षात आयपीओ हे तर नियमांत सहजासहजी बसत नाही. मेनबोर्डवर (शेअर बाजाराच्या मुख्य विभागात) नेहमीच्या वाटेने यायला मागच्या तीन वर्षांचा सरासरी ऑपरेटिंग नफा १५ कोटी लागतो. तो नसेल तर ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांना द्यावे लागतात. त्या संस्था न आल्यास आयपीओच रद्द. एसएमई मंचावर (छोट्या कंपन्यांच्या विभागात) यायचं तर तीनपैकी दोन वर्षं किमान एक कोटीचा ऑपरेटिंग नफा दाखवावा लागतो. या कंपनीचं उत्पादन अजून सुरू व्हायचंय. आणि समजा चमत्कार झाला आणि आयपीओ आला, तरी तुमच्यासारख्या आधीच्या भागधारकांचे शेअर त्यानंतर किमान सहा महिने विकता येत नाहीत. पहिल्या दिवशीचा ६०० चा भाव तुम्ही फक्त बघायचा.

एजंटला एकच विचारा : हे शेअर कंपनी नव्याने देतेय, की कोणी जुना भागधारक विकतोय? जुना विकत असेल तर तुमचे पैसे खाणीत जातच नाहीत, त्याच्या खिशात जातात. नव्याने देत असेल तर कंपनी कायद्याचं कलम ४२ लागतं : तुमच्या नावाचं पीएएस-४ हे प्रस्तावपत्र, वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना देता येत नाही, जाहिरात करता येत नाही, पैसे बँकेतून थेट कंपनीच्या वेगळ्या खात्यात. व्हॉट्सअॅपच्या गटात फिरणारा प्रस्ताव इथेच नापास होतो. कंपनीचे ताळेबंद आणि शेअर वाटपाची विवरणपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून बघता येतात. मागचं वाटप कोणत्या भावाला झालं तेवढं बघा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

तुमच्या पैशांचं बोलू. कॅश क्रेडिटचे साडेचार लाख हे सुताचे आणि मजुरीचे पैसे आहेत. बँकेने ते खेळतं भांडवल म्हणून दिलेत. शेअरकडे वळवले आणि स्टॉक स्टेटमेंटशी (बँकेला द्यायच्या मालसाठ्याच्या पत्रकाशी) ताळमेळ लागला नाही तर मर्यादा कापली जाऊ शकते, तीही नेमकी सुताचा भाव चढलेला असताना. त्याला हात लावायचा नाही, यावर चर्चाच नको. नऊ लाखांतून मुलीची उरलेली फी आणि कारखान्याचा तीन महिन्यांचा पगार-वीजबिल आधी बाजूला काढा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हे साधारण साडेसहा लाख होतात. उरले अडीच. सोन्यावर तुमचा विश्वास असेल तर त्यातले सव्वा लाख गोल्ड ईटीएफमध्ये (शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) दोन-तीन हप्त्यांत टाका. तिथे भाव सोन्याचा, विक्री त्याच दिवशी, आणि बारा महिन्यांनंतर विकलं तर करही साडेबारा टक्के. नोंद नसलेल्या शेअरला त्याच दरासाठी चोवीस महिने थांबावं लागतं, तेही गिऱ्हाईक मिळालं तर. बाकीचा सव्वा लाख एफडीतच राहू द्या.

पूर्ण बुडाले तरी चालतील असे पैसे तुमच्या परिस्थितीत पन्नास हजारांपेक्षा जास्त नाहीत, आणि एजंटचा किमान सौदा नव्वद हजारांचा आहे. म्हणजे कागद उद्या सगळे चोख निघाले तरी आकडा बसत नाही. मेहुण्यांना वाईट वाटू नये याची काळजी तुम्ही पत्रात दोनदा लिहिलीय. त्यांना हाच आकडा सांगा, कंपनीबद्दल वाद घालू नका.

राहिले २१,०००. ते तुम्ही यूपीआयने एजंटच्या वैयक्तिक खात्यावर दिलेत, कंपनीच्या नाही. कंपनीला गेले असते तर ६० दिवसांत वाटप, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परतावा आणि तोही चुकला तर १२ टक्के व्याज, असा कायद्याचा आधार होता. तो इथे सरळ लागू होत नाही. म्हणून आजच एजंटला लेखी संदेश पाठवा : व्यवहार रद्द, यूपीआयचा व्यवहार क्रमांक अमुक, रक्कम सात दिवसांत त्याच खात्यावर परत करावी. फोनवर बोलू नका, बोललात तरी नंतर तेच लिहून पाठवा. माहितीपत्रक आणि गटातले संदेश जसेच्या तसे साठवून ठेवा. सात दिवसांत पैसे आले नाहीत तर हे सगळं घेऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्या, आणि त्याची पोचपावती घ्यायला विसरू नका.