साखर कारखान्याच्या डेटाबेससाठी नवा सर्व्हर घेताना कोअर, रॅम आणि डिस्क किती धरावी?

आपला प्रश्न मी असा समजलो: लातूर जिल्ह्यातल्या आपल्या कारखान्याचा सर्व्हर २०१७ साली घेतलेला आहे. त्यात २० कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे स्वतंत्र भाग), ६४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क आहेत आणि त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१६ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरचे स्टँडर्ड एडिशन चालते. डेटाबेस ३८० जीबीचा झाला असून त्यातले निम्म्याहून अधिक सातबारा आणि करारांचे स्कॅन आहेत. पंधरवड्याची ऊसबिले काढायला चार-चार तास लागतात, आणि विक्रेत्याने ६४ कोअर, ५१२ जीबी रॅम व रेड-५ (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची एक पद्धत) असे कोटेशन दिले आहे. मी छत्रपती संभाजीनगरला असतो आणि बरीच वर्षे कारखाने, जिनिंग आणि पतसंस्था यांचे डेटाबेस सांभाळत आलो आहे. हे कोटेशन आहे तसे मंजूर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी पैशाचे बोलू. एसक्यूएल सर्व्हर २०२२ चे स्टँडर्ड एडिशन जास्तीत जास्त २४ कोअर वापरते आणि डेटाची पाने रॅममध्ये धरून ठेवण्यासाठी १२८ जीबीच्या पुढे जात नाही. म्हणजे ६४ पैकी ४० कोअर डेटाबेससाठी नुसतेच बसून राहतील. त्यातही परवाना कोअरवर घेणार असाल, तर मशीनमधल्या सगळ्या कोअरचा घ्यावा लागतो, वापरात येवोत वा न येवोत, आणि हा खर्च मशीनच्या किमतीला सहज मागे टाकतो. म्हणून कोअर कमी आणि प्रत्येक कोअरचा वेग जास्त, असा प्रोसेसर निवडावा. बिलाचा हिशेब बहुतेक एकामागून एक पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे त्यालाही वेगाचाच उपयोग होतो. आपल्याकडे १६ कोअरचा एकच प्रोसेसर पुरेल असा माझा अंदाज आहे. तो मात्र पुढे सांगतो त्या मोजणीनंतरच पक्का धरावा.

मोजणीवर मी एवढा भर का देतो, त्याला माझीच एक चूक कारण आहे. जालन्याकडच्या एका कारखान्यात बिले अचानक रेंगाळू लागली, तेव्हा मी फारसे न तपासता रॅम ६४ ची १२८ करायला सांगितली. खर्च झाला आणि बिलाचा वेळ मिनिटभरानेही कमी झाला नाही. मग डेटाबेस कशासाठी थांबतो याची आकडेवारी काढली, तर जवळजवळ सगळा वेळ ‘राइटलॉग’ या प्रतीक्षेत जात होता, म्हणजे प्रत्येक व्यवहार आपली नोंद लॉगमध्ये, बदलांच्या नोंदवहीत, डिस्कवर लिहून होण्याची वाट पाहत होता. सर्व्हर रूममध्ये गेलो. खंडेनवमीला सर्व्हरला घातलेला झेंडूचा हार वाळून तसाच लटकत होता आणि त्याच्या आड केशरी दिवा लुकलुकत होता. रेड कंट्रोलरची, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची, बॅटरी मेली होती. बॅटरी गेली की कंट्रोलर आपली लेखन-कॅश (लिहायचे ते क्षणभर धरून ठेवणारी वेगवान मेमरी) बंद करतो आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर पाठवतो. बॅटरी बदलली आणि त्याच रात्री बिले पूर्वीच्या वेळात निघाली.

तेव्हा बिलाच्या दिवशी काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा प्रतीक्षांची आकडेवारी उतरवून घ्या आणि दोन्हींतला फरक पाहा, कारण हे आकडे सेवा सुरू झाल्यापासून साचत आलेले असतात. ‘पेज-आयओ-लॅच’ जास्त दिसला तर रॅम किंवा वाचनाचा वेग अपुरा आहे, ‘राइटलॉग’ दिसला तर लॉगची डिस्क मंद आहे, आणि प्रतीक्षा फारशी नसून प्रोसेसरच भरलेला असेल तर आधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञा, तपासा. दिवसाला ५,००० टन गाळप आणि खेपेला सरासरी १० टन धरले, तर दिवसाच्या ५०० खेपा होतात आणि पंधरवड्याच्या साडेसात हजार. तोडणी, वाहतूक, सोसायटी आणि बँक यांच्या कपाती जमेस धरल्या तरी एवढ्या नोंदींना चार तास लागावेत, यात मला हार्डवेअरपेक्षा इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नसलेल्या टेबलाचा किंवा एकेक ओळ उचलून हिशेब करणाऱ्या प्रोसिजरचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रोग्रामचा, संशय जास्त येतो.

रॅमचा आकडा ठरवताना स्कॅन बाजूला काढा. ते वेगळ्या फाइल साठ्यात हलवले, तर रोजच्या वापराचा डेटा १२८ जीबीत बराचसा मावेल. ऑपरेटिंग सिस्टीम आणि इतर गरजा धरून एकूण २५६ जीबी घ्यावी. आठ मेमरी चॅनेलचा (रॅमकडे जाणाऱ्या वाटांचा) प्रोसेसर असेल तर ३२ जीबीच्या आठ पट्ट्या घालून आठही चॅनेल भरावेत. ६४ च्या चारच पट्ट्या घालून ‘पुढे वाढवता येईल’ असे विक्रेता सांगतो, पण तोपर्यंत मेमरीचा वेग निम्म्यावर राहतो.

पुढच्या पाच वर्षांची वाढ धरताना आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. पुण्या-मुंबईतल्या कंपनीसारखी दरवर्षी ठरावीक टक्के वाढ इथे लागू पडत नाही, कारण इथला भार पावसावर चालतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पुढच्या हंगामात मराठवाड्यातल्या अनेक कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत; उलट २०२१-२२ ला ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत लांबले. आपला सर्व्हर २०१७ चा आहे, म्हणजे तो बहुधा दुष्काळी वर्षाचे आकडे समोर ठेवून घेतला गेला असावा. नव्याचे माप २०२१-२२ सारख्या वर्षातल्या सर्वांत जड पंधरवड्यावर काढा. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे त्या दिवशी ‘सर्व्हर मंद आहे’ ही सबब शेतकऱ्यापुढे चालत नाही.

डिस्कसाठी रेड-५ नको. त्यात एका छोट्या लेखनासाठी दोनदा वाचावे आणि दोनदा लिहावे लागते, तर रेड-१० मध्ये, जिथे प्रत्येक डिस्कची जोडप्रत असते, दोन लेखनांत काम होते. एसएसडी घेताना वीज गेली तरी हातातले लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर असलेल्या, सर्व्हरसाठीच बनवलेल्या घ्याव्यात. लॅपटॉपच्या एसएसडी स्वस्त पडतात म्हणून कोणी सुचवले तर ऐकू नका. रोज एकदा पूर्ण डिस्क लिहिण्याइतकी क्षमता असलेला साधा वर्ग आपल्याला भरपूर आहे.

हंगामात कारखाना स्वतःच्या टर्बाइनवर आणि नंतर महावितरणवर चालतो, त्यामुळे सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या ऑनलाइन यूपीएसवर असावेत. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत ठेवावी अशी शिफारस आहे. बाहेर मे महिन्यात ४२ अंश असताना एकच एसी बंद पडला तर काय होईल, ते आधी पाहून ठेवा, आणि बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा आत येणार नाही अशी खोली निवडा.

बदल बंद हंगामातच करावा आणि फार लांबवू नये, कारण एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या विस्तारित सपोर्टची (सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची) मुदत १४ जुलै २०२६ आहे. गेल्या हंगामाचा बॅकअप नव्या मशीनवर उतरवून एका जड पंधरवड्याची बिले पुन्हा काढा आणि रुपयान्‌रुपया जुन्याशी ताडून पाहा. सुरुवातीला डेटाबेसची कंपॅटिबिलिटी पातळी (कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागायचे ते ठरवणारी) जुनीच, म्हणजे २०१६ ची १३० ठेवा, क्वेरी स्टोअर (क्वेरींच्या वेळेची नोंद ठेवणारी सोय) चालू करा आणि काही दिवसांनी पातळी २०२२ ची १६० करा. म्हणजे एखादी क्वेरी मंदावली तर ती लगेच ओळखू येते. एक गोष्ट मात्र संचालक मंडळाला आधीच सांगून ठेवा: २०२२ वर घेतलेला बॅकअप २०१६ वर उतरत नाही, त्यामुळे नव्या सर्व्हरवर पहिली वजनपावती फाटली की तो डेटाबेस तसाच उचलून जुन्या मशीनवर नेता येत नाही.

तोपर्यंत विक्रेत्याकडून १६ कोअर, २५६ जीबी आणि रेड-१० चे सुधारित कोटेशन मागवा, आणि येत्या बिलाच्या दिवशीचे प्रतीक्षांचे पहिले दहा आकडे इथे टाका. ते पाहून रॅम कमी करता येईल का ते मी सांगतो.