आधी टाक्या मोज, मग मासे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रयोगाचा आराखडा वाचला. कीटकनाशकाच्या अगदी कमी मात्रेनेही झेब्राफिशची वाढ खुंटते का, हा प्रश्न मला मनापासून आवडला. म्हणूनच मासे आणायच्या आत हे पत्र.

तू दोन टाक्या मांडल्या आहेस. एकीत औषध, म्हणजे ते कीटकनाशक, दुसरीत साधं पाणी, दोन्हींत 20-20 मासे. आणि सॅम्पल साइज, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, लिहिलास 40. तो 40 नाही. औषध एकेका माशाला नाही, टाकीला दिलंय. एका टाकीचा हीटर अर्धा अंश जास्त तापला, फिल्टर तुंबला, एखादा दांडगा मासा बाकीच्यांना खाऊ देईना, की सगळ्या टाकीची वाढ बदलते. मग फरक औषधाचा की टाकीचा, हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. दर गटात तुझ्याकडे नमुना एकच. परिसंस्थांचे अभ्यासक हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिसंस्थांवरच्या प्रयोगांत हीच चूक दाखवून तिला ‘स्यूडोरेप्लिकेशन’, म्हणजे नमुन्यांची खोटी पुनरावृत्ती, म्हटलं. उंदरांच्या पिंजऱ्यांत आणि पेशींच्या प्लेट्समध्ये ती अजूनही सर्रास होते.

तेच 40 मासे आठ टाक्यांत पाच-पाच सोड. औषध कुठल्या चार टाक्यांत, ते चिठ्ठ्या टाकून ठरव. आपण होऊन निवडलंस तर खिडकीजवळच्या टाक्या नकळत एकाच गटात जातात. लांबी मोजणाऱ्याला गट कळू देऊ नकोस. विश्लेषण टाकीच्या सरासरीवर कर.

तीन-तीन टाक्यांवर मात्र भागवू नकोस. सहातून तीन निवडायचे प्रकार 20; रँडमायझेशन टेस्ट हाती आलेल्या फरकाची तुलना चिठ्ठ्यांच्या या सगळ्या शक्य वाटण्यांशी करते. त्यामुळे तिच्यात फरक कितीही ठळक असला तरी दुबाजूची पी-व्हॅल्यू (औषधाचा परिणाम नसताना, कमी-जास्त कुठल्याही बाजूला, एवढा फरक निव्वळ चिठ्ठ्यांमुळे दिसण्याची शक्यता) 20 पैकी 2, म्हणजे 0.1 च्या खाली उतरूच शकत नाही; सहसा ती 0.05 च्या आत लागते. चार-चार घेतल्या की प्रकार होतात 70, आणि ती 0.03 च्या आत येऊ शकते.

‘आधी डेटा येऊ दे, मग बघू’ म्हणणारे भेटतील. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला गाठणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला लावणं, असं फिशर, स्वतः संख्याशास्त्रज्ञ, 1938 मध्ये कलकत्त्याला म्हणाले होते. असे प्रयोग माझ्याकडे येतात तेव्हा फुकट गेलेल्या जिवांचं मला फार वाईट वाटतं.

आठ टाक्या मिळाल्याच नाहीत तर दोन टाक्यांवर सहा फेऱ्या कर. दर फेरीला नवे मासे, धुतलेल्या टाक्या, आणि औषध कुठे ते नाणं उडवून. प्रत्येक फेरीतला दोन टाक्यांमधला फरक हा तुझा एक आकडा. वेळ जाईल, गाईडना आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
सर