सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणजे मायोसायटिस (स्नायूंना सूज येण्याचा आजार) नाही असं समजायचं का?

नाही, तेवढ्यावर थांबू नका. माझ्या आईला रामकुंडाच्या पायऱ्या चढवेनात, केस विंचरायला हात वर जाईना, बोटांच्या कडा भेगाळलेल्या, आम्हाला वाटलं द्राक्षबागेतल्या कामाने असेल, सीपीके पण थोडंच वाढलेलं म्हणून सगळे निवांत, मग मायोसायटिस पॅनेल (या आजारातल्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) केलं तर अँटी-जो-१ ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) फुप्फुसालाही सूज. एमडीए-५ ही अँटीबॉडी असलेल्यांत तर सीपीके नॉर्मल असूनही फुप्फुसं झपाट्याने बिघडू शकतात, तिथे रक्तातलं फेरिटिनही (लोह साठवणारं प्रथिन, सूज असली की वाढतं) बघतात. टीआयएफ-१ गॅमा ही अँटीबॉडी आली तर मोठ्यांमध्ये कॅन्सरची तपासणी करून घेतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर एचएमजीसीआर अँटीबॉडीच्या तपासणीचं विचारा. आणि दम लागत असेल तर रिपोर्टची वाट न बघता आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.